वाऱ्याचा डोळा आणि घराची ऊब

मराठीत खिडकीला 'गवाक्ष' असा एक जुना, भारदस्त शब्द आहे. 'गो' म्हणजे गाय वा बैल, आणि 'अक्ष' म्हणजे डोळा. इंग्रजीतील 'विंडो' हा शब्द 'विंडाउगा' या प्राचीन नॉर्स शब्दावरून आला असून त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा होतो. एकमेकांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या दोन समाजांनी खिडकीला घराचा डोळाच मानले, हे मोठे लक्षणीय आहे. फरक इतकाच, की उत्तर युरोपातील माणसाला त्या डोळ्यातून उजेडाआधी वारा जाणवला. तेथील हिवाळा लांब, रात्री दीर्घ आणि वारे बोचरे. डोळा उघडा ठेवावा तर घरातली ऊब निघून जाते, आणि मिटून घ्यावा तर घर अंधारात बुडते. या पेचातून सुटण्यासाठी माणसाने ज्या युक्त्या शोधल्या, जपल्या आणि पुढे विसरूनही गेला, त्यांचा इतिहास ब्रिटनमधील जुन्या घरांच्या खिडक्यांत वाचावयास मिळतो. हा इतिहास नुसता गतकाळाचा नाही. इंग्लंडमधील सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वी बांधलेली आहेत, आणि त्यांच्या खिडक्या काढून टाकाव्यात की सुधारून घ्याव्यात, हा प्रश्न तेथील हजारो कुटुंबांपुढे आजही उभा आहे.

काच आणणारा संत

आठव्या शतकातील पूज्य बीड या मठवासी इतिहासकाराने आपल्या ग्रंथात एक दृष्टान्त नोंदवला आहे. राजा एडविनच्या दरबारातील एक सरदार मानवी जीवनाची तुलना चिमणीच्या उड्डाणाशी करतो. बाहेर हिवाळी वादळ चालू आहे, आत दिवाणखान्याच्या मध्यभागी शेकोटी पेटली आहे, आणि एक चिमणी एका दारातून आत येऊन क्षणभर ऊब अनुभवते व दुसऱ्या दारातून पुन्हा थंडीत नाहीशी होते. दृष्टान्ताचा रोख अध्यात्माकडे आहे. परंतु त्या काळचे घर कसे होते, याचेही ओझरते दर्शन त्यात घडते. ऊब शेकोटीभोवती असे, आणि भिंतींतील पोकळ्यांतून ती सतत निसटत असे. त्या पोकळ्यांवर फळ्या लावीत, कातडे टांगीत, क्वचित तेल लावलेले कापड ताणून बसवीत.

संत बेनेडिक्ट बिस्कप यांनी ६७४ साली ईशान्य इंग्लंडमध्ये मंकवेअरमथ येथे मठ स्थापन केला. चर्चची इमारत पूर्ण होत आली तेव्हा त्यांनी गॉल देशातून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, काचेचे कारागीर आणविले. ही कला तोवर ब्रिटनमधील लोकांना अपरिचित होती, आणि त्या परदेशी कारागिरांनी ती स्थानिकांना शिकवली, असे बीड सांगतात. पुढे जोडमठ असलेल्या जॅरो येथे विसाव्या शतकात रोझमेरी क्रॅम्प यांनी उत्खनन केले, तेव्हा त्या काळच्या रंगीत काचेचे तुकडे सापडले. वारा बाहेर ठेवून उजेड आत घेण्याची सोय त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशी चर्चच्या मार्गाने आली, असे म्हणावयास हरकत नाही.

सामान्यांच्या घरात काच पोहोचावयास मात्र आणखी आठ-नऊ शतके लागली. १५६७ साली अल्निक येथील किल्ल्याची पाहणी झाली. मालक तेथे राहत नसताना वाऱ्याने तावदाने फुटतात, म्हणून ती काढून सुरक्षित ठेवावीत, अशी सूचना त्या पाहणीत केलेली आढळते. उमरावाच्या घरीही काच इतकी मोलाची होती! शेतकऱ्याच्या झोपडीत खिडकीला लाकडी झडप असे. ती दिवसा उघडावयाची आणि रात्री लावून घ्यावयाची. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वरखाली सरकणारी खिडकी प्रचारात आली. तिच्या दोन चौकटी दोरीने कप्पीवरून टांगलेल्या असत, आणि बाजूच्या पोकळ खणात लपविलेली वजने त्यांचा तोल सांभाळीत. लंडनच्या १६६६ सालच्या भीषण आगीनंतर तेथील बांधकामाचे नियम कडक झाले. १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाह्य पृष्ठापासून चार इंच आत घेणे भाग पडले, तर १७७४ च्या कायद्याने तिचा खण विटांच्या आड लपवावा लागला. हेतू आगीचा धोका टाळण्याचा होता; परंतु खिडकी आत गेल्यामुळे पाऊस-वाऱ्याचा थेट माराही थोडा कमी झाला.

उजेडावरचा कर

१६९६ साली तिसऱ्या विल्यम राजाच्या कारकिर्दीत खिडक्यांवर कर बसला. नाण्यांच्या कडा कातरण्याच्या लबाडीमुळे सरकारी खजिन्याला जी खोट आली होती, ती भरून काढणे हा त्यामागील हेतू होता. प्रत्येक घराला दोन शिलिंग. खिडक्या दहांहून अधिक असल्यास आणखी चार, आणि वीसांहून अधिक असल्यास आणखी आठ शिलिंग. घराबाहेर उभे राहून खिडक्या मोजता येत असल्याने वसुली सोपी होती. लोकांनी तितकाच सोपा उपाय शोधला. त्यांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. अॅडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात या करातील अन्याय दाखवून दिला. खेडेगावातील दहा पौंड भाड्याच्या घराला लंडनमधील पाचशे पौंड भाड्याच्या घराहून अधिक खिडक्या असू शकतात, आणि मग गरीबच अधिक कर भरतो.

सर्वांत मोठा आघात झाला तो शहरातील भाडेकरूंवर. अनेक कुटुंबांनी भरलेली चाळवजा इमारत करापुरती एकच घर मानली जाई. कर मालकाने भरावयाचा असल्याने तो खिडक्या बुजवी, आणि खोल्यांतील माणसे अंधारात व कोंदट हवेत राहत. डॉक्टर व समाजसुधारक यांनी या अवस्थेचा रोगराईशी संबंध जोडून दाखवला. अखेर १८५१ साली हा कर रद्द झाला. फ्रान्समध्ये अशाच स्वरूपाचा दारे-खिडक्यांवरील कर १७९८ पासून १९२६ पर्यंत चालू होता. व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल' या १८६२ सालच्या कादंबरीतील बिशप मिरिएल आपल्या प्रवचनात याच करावर कोरडे ओढतात, हे वाचकांपैकी काहींना आठवत असेल.

काचेवर स्वतंत्र कर होता तो वेगळाच. १७४६ पासून १८४५ पर्यंत तो वजनावर आकारला जाई, त्यामुळे पातळ काचेला मागणी वाढली. त्या काळची उत्तम काच फुंकून व फिरवून केली जाई. नळीच्या टोकावरील तापलेला काचेचा गोळा वेगाने फिरवला की त्याची मोठी, पातळ, चकाकणारी तबकडी होई, आणि तिच्यातून तावदाने कापून घेत. मध्यभागी नळी चिकटलेल्या जागी जो जाड फुगवटा राही, त्याला इंग्रज कारागीर 'बैलाचा डोळा' म्हणत. आपला 'गवाक्ष' असा अवचित काचेच्या कारखान्यात भेटतो! अशा हातकामाच्या काचेला किंचित लहर असते, आणि तिच्यातून पाहताना समोरचे झाड पाण्यातल्यासारखे हलके थरथरते. जुन्या खिडक्या मोडीत निघाल्या की ही काचही त्यांच्याबरोबर जाते, आणि ती पुन्हा सहज मिळत नाही.

झडपांची विस्मृती

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अठराव्या शतकातील खिडकी म्हणजे केवळ चौकट आणि काच नव्हे. चांगल्या घरात खिडकीच्या दोन्ही बाजूंस तिरप्या भिंतींत लाकडी खण असत, आणि त्यांत घडीच्या झडपा बसवलेल्या असत. दिवसा त्या नक्षीदार फळ्यांसारख्या दिसत. सायंकाळी त्या उलगडून मधोमध लोखंडी आडणा घातला की काचेच्या आत लाकडाची एक भिंतच उभी राही. तिच्यावर जाड लोकरी पडदा येई. १७६७ च्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या एडिनबर्गच्या नव्या नगरात अशा झडपा पुष्कळ घरांत आजही आढळतात. डिसेंबरात तेथील रात्र सुमारे सतरा तासांची असते. म्हणजे दिवसाचे सात तास उजेडासाठी आणि उरलेले सतरा ऊब राखण्यासाठी, अशी ही वाटणी होती. शेकोटीपुढे बसणाऱ्याच्या पाठीला फटींतील वारा लागू नये म्हणून उंच पाठीच्या आणि कानांसारख्या बाजू असलेल्या खुर्च्याही त्याच काळात आल्या.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. काच स्वस्त झाली आणि तिचा आकार वाढला. ज्या १८५१ साली खिडक्यांवरील कर गेला, त्याच वर्षी लंडनमध्ये स्फटिकप्रासाद उभा राहिला, आणि त्यात सुमारे तीन लाख तावदाने लागली. घरांच्या खिडक्यांतील आडव्या-उभ्या पट्ट्या कमी होऊन एकेका चौकटीत एकच मोठी काच आली. तिचे ओझे पेलावे म्हणून चौकटीच्या सांध्यांना लाकडी शिंगे ठेवू लागले. ही शिंगे पाहून जाणकार आजही खिडकीचे वय सांगतो. याच सुमारास अनेक घरांतील झडपा वापरातून गेल्या. त्यांच्यावर रंगाचे थर चढले, बिजागऱ्या गंजल्या, आणि कोठे कोठे तर खणांवर फळी ठोकून त्या कायमच्या बंद करण्यात आल्या. पुढील पिढ्यांना आपल्या भिंतीत काय दडले आहे याची कल्पनाही उरली नाही. कोळसा मुबलक होता, तोवर त्याची उणीव जाणवली नाही.

ती जाणवली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लंडनवर १९५२ च्या डिसेंबरात प्राणघातक धुरके उतरले, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. घराघरांतील कोळशाच्या शेकोट्या मागे पडून नळांतून उष्णता पुरविणारी व्यवस्था आली. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाच्या किमती भडकल्या. तेव्हा जुनी, झडपा गमावलेली, लुकण सुटलेली, फटी पडलेली खिडकी गुन्हेगार ठरली. दुहेरी काचेची कल्पना काही नवी नव्हती; अमेरिकेत थॉमस स्टेटसन यांनी १८६५ सालीच तिचे पेटंट घेतले होते. आता तिला प्लास्टिकच्या चौकटीची जोड मिळाली, आणि विक्रेते दारोदार फिरू लागले. गल्ल्याच्या गल्ल्यांतून जुन्या खिडक्या उखडून कचऱ्यात गेल्या. इंग्लंड व वेल्समध्ये २००२ पासून बदललेल्या खिडक्यांना उष्णतेविषयीचे नियमही लागू झाले, जरी संरक्षित वास्तूंना त्यांत सवलत ठेवण्यात आली.

मोजमापाची साक्ष

जुन्या खिडक्यांच्या बाजूने बोलणारे लोक नव्हते असे नाही. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्या वास्तूची वेळोवेळी निगा राखावी, तिचे रूप बदलू नये, हे तिचे तत्त्व होते. परंतु थंडीने काकडणाऱ्या गृहिणीला सौंदर्याची थोरवी सांगून काय उपयोग? वाढते इंधनबिल हे तिच्यापुढचे कठोर सत्य होते. तिला उत्तर द्यावयाचे तर ते आकड्यांत द्यावयास हवे होते.

ते उत्तर २००८ साली मिळाले. स्कॉटलंडमधील वारसा-संरक्षण विभागासाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने एकेरी काचेच्या जुन्या धर्तीच्या खिडकीवर प्रयोग केले. जाड पडद्यांनी काचेतून जाणारी उष्णता १४ टक्क्यांनी कमी झाली. लाकडी झडपा मिटल्या, तर ती ५१ टक्क्यांनी घटली. खिडकीच्या आतल्या बाजूस काचेची दुसरी चौकट बसवली, तेव्हा घट ६३ टक्के झाली. आणि आतील चौकट व झडपा या दोहोंचा मेळ घातला, तेव्हा ती ७५ टक्क्यांवर गेली. ज्या झडपांना तीन-चार पिढ्यांनी रंगाखाली गाडले होते, त्या एकट्याच निम्मी उष्णता वाचवीत होत्या!

याचे कारण समजण्यास कठीण नाही. तीन-चार मिलिमीटर जाडीची काच स्वतः उष्णता जवळजवळ अडवीतच नाही. अडविते ती स्थिर हवा. आपण थंडीत एका जाड सदऱ्याऐवजी दोन पातळ सदरे घालतो, तेव्हा मधल्या हवेचा थर ऊब राखतो. तेच येथे घडते. झडप आणि काच यांच्यामध्ये, किंवा दोन काचांच्या मध्ये, हवा निवांत राहिली की काम होते. दोन काचांतील अंतर सोळा ते वीस मिलिमीटर असल्यास उत्तम. त्याहून फार अधिक झाले तर ती हवा आतल्या आत फिरू लागते आणि ऊब वाढत नाही. मात्र रस्त्यावरचा गोंगाट अडवावयाचा असेल तर शंभर मिलिमीटर वा अधिक अंतर हितकर ठरते.

उष्णता जाण्याची दुसरी वाट म्हणजे फटी. येथे काम अगदी साध्या दुरुस्तीने सुरू होते. खडूची पूड आणि जवसाचे तेल यांचे लुकण नव्याने भरावे, कुजलेला लाकडाचा भाग तेवढा कापून त्या जागी नवे लाकूड सांधावे, तुटलेल्या दोऱ्या बदलाव्यात, आणि सरकणाऱ्या चौकटींच्या कडांना बारीक ब्रशासारख्या पट्ट्या बसवाव्यात. सुस्थितीतील सरकत्या खिडकीला अशा पट्ट्या लावल्यास फटींतून येणारी हवा ८६ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे इंग्लंडमधील वारसा-संस्थेचे मार्गदर्शन सांगते. यात जुने काहीही फेकावे लागत नाही. त्या खिडक्यांचे लाकूड बहुधा बाल्टिक किनाऱ्यावरच्या, थंडीत सावकाश वाढलेल्या पाइन वृक्षांचे असते, आणि रंगरंगोटी वेळेवर झाली तर ते दोनशे वर्षेही टिकते. दुहेरी काचेच्या बंद संचाची कड सुटली की आत बाष्प धरते, आणि मग तो संच दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

तरीही एक सावधगिरी हवी. घर पेटीसारखे बंद करणे हा ऊब राखण्याचा मार्ग नव्हे. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून घरात सतत ओलावा तयार होतो. त्याला वाट मिळाली नाही तर तो थंड काचेवर थेंब होऊन जमतो, लाकूड कुजवतो आणि भिंतीवर बुरशी आणतो. शेकोटी वा गॅसचा शेगडा असलेल्या खोलीत हवा कोंडली तर विषारी वायूचा धोका संभवतो. म्हणून जाणकार सांगतात, की आतली चौकट घट्ट बसवावी, पण बाहेरच्या मूळ खिडकीला किंचित श्वास घेऊ द्यावा, आणि धुराडे वा झरोका पूर्ण बुजवू नये. ज्या देशाने एकेकाळी कर चुकविण्यासाठी खिडक्या बुजवून आजार ओढवून घेतला, त्या देशाला ऊब मिळविण्याच्या नादात तीच चूक पुन्हा करणे परवडणारे नाही.

आपल्याकडची तावदाने

आपल्या किनाऱ्यावर प्रश्न थंडीचा नाही, उन्हाचा आहे. तरीही इंग्लंडमधील या कथेचे प्रतिबिंब येथे पाहावयास मिळते. गोव्यातील जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसवीत. प्लाकुना प्लासेंटा या नावाचा हा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत ओवला जाई. त्यातून कडक ऊन दुधाळ, सौम्य उजेड होऊन आत येत असे आणि डोळ्यांना त्रास होत नसे. फिलिपाइन्समधील जुन्या घरांतही हाच शिंपला आढळतो. पुढे काच स्वस्त झाली, आणि शिंपल्यांची दारे अनेक ठिकाणी काढली गेली. २००१ साली हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आला. म्हणजे जी तावदाने आज शिल्लक आहेत, ती जपण्यावाचून गत्यंतर नाही.

येथेही झडपेसारखेच घडले. त्या खिडकीचे काम काय होते हे न समजता ती काढली गेली. साध्या काचेतून ऊन थेट आत शिरले, आणि मग पडदा, पंखा आणि पुढे वातानुकूलन यंत्र अशी नव्या उपायांची रांग लागली. जुने ते सारे उत्तम, असा याचा अर्थ नव्हे. शेतकऱ्याची काचेविना झोपडी थंड आणि अंधारी होती, तेथे परतावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जुनी वस्तू टाकण्यापूर्वी तिच्या घडणीमागचा विचार समजून घेणे, हे घराच्या मालकाचे कर्तव्य आहे. घर बांधणाऱ्याने खिडकीला झडप दिली, पडदा दिला, बसावयाला ओटा दिला. आपण त्यांतले एकेक काढून घेतले आणि शेवटी खिडकीलाच दोष दिला.

स्कॉटलंडमध्ये आता सुतार जुन्या खणांवरच्या फळ्या उकलतात, रंगाचे थर खरवडून काढतात, बिजागऱ्यांना तेल देतात, आणि दीर्घकाळ न हललेल्या झडपा पुन्हा उलगडतात. बहुतेक वेळा त्या शाबूत असतात. आपल्या आजोळच्या, गावाकडच्या घराची दुरुस्ती काढण्याचा विचार ज्या कुटुंबांत चालू असेल, त्यांनी खिडक्यांना हात लावण्यापूर्वी गावातील एखाद्या वयस्क सुताराला बोलावून एवढेच विचारावे, की ही खिडकी अशी का केली होती. त्याचे उत्तर ऐकून मग काय ठेवावे आणि काय बदलावे, याचा निर्णय करावा.